जण : एक

सकाळचं पाणी तपासून झालं की जीवांशगणक एकदाच वाजायचा, पितळी भांड्याला चमचा लागावा तसा. आश्लेषानं हातातला चहा तसाच खाली ठेवला आणि ती पडद्याकडे वळली.

कासारओढ्याच्या काठावरची ही पाणशाळा म्हणजे पत्र्याची एक लांबट खोली. एका टोकाला उपकरणं, दुसऱ्या टोकाला आश्लेषाची खाट, आणि मधे शेगडी. नीरवाडी शहरानं चाळीस वर्षं हा ओढा काँक्रीटच्या स्लॅबखाली गाडून ठेवला होता आणि वर गाड्या उभ्या केल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी स्लॅब फोडला, काठांना पुन्हा माती घातली, करंज आणि उंबर लावले. आता या पाण्यात कोण राहतं, त्यातलं इथलं कोण आणि उपरं कोण, हे शोधणं हा आश्लेषाच्या पीएच.डी.चा विषय होता. चौदा महिने ती इथे एकटी राहत होती. आईचा फोन आठवड्यातून एकदा यायचा, तोही भावाच्या घरून, समुद्रापलीकडून, आणि त्यात पहिला प्रश्न जेवणाचा असायचा.

पडद्यावर नेहमीची यादी आली. उपऱ्यांमध्ये तिलापिया, काचेच्या टाकीतून कुणीतरी आणून सोडलेला सकर मासा. इथल्यांमध्ये रेघी. अंगावर सात काळ्या रेघा असलेला करंगळीएवढा हा मासा कासारओढा सोडून आता दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. त्याच्यासमोर आकडा होता : जण एकेचाळीस.

आणि सगळ्यात खाली, काल नसलेली एक ओळ.

अनोळखी खेकडा. जण : एक.

तिनं लगेच डॉक्टर केळसकरांना गाठलं. ते तिचे मार्गदर्शक, विद्यापीठात बसून अशा सात ओढ्यांवर लक्ष ठेवणारे. पडद्यावर त्यांचा चेहरा आला तो अर्धवट दाढी केलेला.

"सर, एक."

"एक काय? एक वाजला? दाढी तरी होऊ दे."

"एक खेकडा, सर. आपल्या नोंदीतल्या कुठल्याच खेकड्याशी जुळत नाही."

केळसकरांनी वस्तरा खाली ठेवला. "मी परीक्षक आहे असं समज. हा गणक जण मोजतो कसे?"

आश्लेषा हसली. सरांना आनंद झाला की ते परीक्षा घेत. "प्रत्येक जीव पाण्यात स्वतःचं काहीतरी सोडत असतो. खवला, लाळ, विष्ठा. त्या कणात त्याचं जनुकसूत्र असतं. सूत्र वाचलं की जात कळते. शिवाय एका जातीतल्या कुठल्याही दोघांचं सूत्र तंतोतंत सारखं नसतं. तेव्हा जितकी निराळी सूत्रं, तितके जण."

"आणि शेजारचा रकाना?"

"तो प्रमाणाचा. एकूण किती कण सापडले ते. पण त्यावर फार विसंबायचं नाही. एखादा मोठा मासा गणकाला पाणी ओढून देणाऱ्या नळीजवळ रेंगाळला तरी प्रमाण वाढतं."

"आता शेवटचा. गणक फसतो कुठं?"

"मेलेल्याचेही कण चार-पाच दिवस पाण्यात राहतात. गणकावर दिसणारा जण आज हयात असेलच असं नाही."

"पाणी माणसांपेक्षा बरं म्हणायचं, मेलेल्याला चार दिवस तरी आठवतं," केळसकर म्हणाले. "सह्याद्रीत दर खोऱ्याचा खेकडा वेगळा. हा इथलाच, अजून कुणी न नोंदवलेला असणार. स्लॅबखालच्या अंधारात चाळीस वर्षं तग धरून राहिलेल्या वंशातला शेवटचा. फार उशिरा भेटला गं."

"उशिरा कसा? मंगळवारची सफाई थांबवा ना."

मंगळवारी दोन बंधाऱ्यांमधला तीनशे मीटरचा ओढा उपसायचा होता. रेघी आधी धरून टाक्यांत ठेवायच्या, तळ खरवडून उपरे काढायचे, मग रेघी परत सोडायच्या. बिळातला खेकडा काही धरता आला नसता. तो त्या खरवडण्यातच संपला असता.

"एकाला वाचवून काय करणार तू? वंश दोघांनी चालतो."

"एकच आहे म्हणून तर, सर."

केळसकरांनी नळ बंद केला. "चैत्रापर्यंत," ते म्हणाले. "शोध त्याला. दुसरा सापडला तर तुझं नशीब."

त्या आठवड्यात आईनं विचारलं, "एकटी कंटाळत नाहीस ना?" तेव्हा आश्लेषा म्हणाली, "एकटी कुठे? एक खेकडा आहे की."

ओढ्यावर रोज येणारं दुसरं माणूस एकच होतं, सगुणाकाकू. पलीकडच्या आळीतून त्या उजाडता उजाडता यायच्या. हातात पितळी डबा, डब्यात कणकेच्या एकशे आठ गोळ्या, हरभऱ्याएवढ्या, आणि प्रत्येक गोळीच्या पोटात रामनाम लिहिलेली चिठ्ठी. सव्वा लाख नामं माशांच्या मुखी घालायची, असा त्यांचा नेम होता. घरून निघाल्यापासून ऊन पाण्याला टेकेपर्यंत त्यांचं मौन असायचं. एकेक गोळी त्या पाण्यात सोडायच्या, ओठ हलायचे, आवाज नाही. आश्लेषा शेजारच्या दगडावर नमुन्याच्या बाटल्या भरत बसायची. सबंध दिवसात माणसाच्या जवळ बसणं तिला तेवढंच मिळायचं, आणि त्यात बोलणं नसल्यामुळे ते पुरून उरायचं.

ऊन टेकलं की काकू डब्याचं झाकण लावायच्या आणि म्हणायच्या, "हं. आता विचार काय विचारायचं ते."

त्या दिवशी आश्लेषानं खेकड्याची हकीकत सांगितली. सगळ्या ओढ्यात एकटाच आहे म्हणाली. काकूंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली.

"जोडीदार नाही, पोर नाही?"

"कुणी नाही."

"मग माझ्यासारखाच की. पण मला शेजारीण तरी आहे, भांडायला."

"काकू, त्या वाकड्या उंबराखालच्या कपारीत तो असावा. तुमच्या गोळ्या तिथे टाकाल? अन्न असलं तर तो बाहेर येईल, मला दिसेल."

"माझा नेम माशांचा आहे गं." काकूंनी थोडा विचार केला. "पण त्यालाही तोंड दिलंय देवानं. टाकीन."

दुसऱ्या दिवसापासून एकशे आठही गोळ्या उंबराखाली पडू लागल्या. खेकडा दिसला नाही, पण गोळ्या संपत होत्या. रोज सकाळी गणक वाजायचा आणि त्या ओळीत एक असायचा. आश्लेषाला त्या आकड्याची सवय लागली. बाटली बुडवताना ती कपारीशी हळू आवाजात बोलायची. आज फार गार आहे. आज भात करपला. तू आहेस ना? आणि पाऊण तासानं गणक सांगायचा, आहे.

माघ संपेपर्यंत दुसरं सूत्र मिळालं नाही. रेघीचा आकडा मात्र उतरू लागला. एकेचाळीसचे तेहतीस झाले, मग चोवीस. आश्लेषानं दोष तिलापियाला दिला, मग थंडीला. खेकड्याच्या ओळीतलं प्रमाण दर आठवड्याला वाढत होतं. त्याचंही कारण तिनं शोधून ठेवलं होतं : काकूंच्या कणकेवर तो धष्टपुष्ट झाला असेल, कात टाकत असेल, नळीजवळ राहायला आला असेल. आवडत्या माणसाबद्दल आपण अशी कारणं शोधतो, तशीच ती होती.

फाल्गुनातल्या एका सकाळी ऊन पाण्याला टेकलं तरी काकू बोलल्या नाहीत. डब्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "आश्लेषा, तुझा खेकडा केवढा आहे?"

"पाहिला कुठे आहे? पण या ओढ्यात तळहाताएवढा असेल फार तर."

"मी पंधरा दिवस बघत्येय. पहिल्यांदा ऊन येईस्तोवर निम्म्या गोळ्या तळाशी तशाच दिसायच्या. आता शेवटची टाकेपर्यंत पहिलीचा पत्ता नसतो. मासा एकही फिरकत नाही. एकशे आठ गोळ्या म्हणजे माझ्या दोन पोळ्यांची कणीक. तळहाताएवढा जीव रोज दोन पोळ्या खातो? माझे यजमान गवंडीकाम करायचे, तेसुद्धा सकाळी दोनवर नाही जायचे."

आश्लेषा हसायला गेली आणि तिचं हसू मधेच थांबलं. तिला प्रमाणाचा रकाना आठवला. ती सलवार गुडघ्यापर्यंत ओढून पाण्यात उतरली आणि तिनं कपारीच्या तोंडाशी असलेला दगड दोन्ही हातांनी उलटा केला.

खेकडा होता. करड्या पाठीवर पांढरा ठिपका, रुपयाएवढं अंग. नांग्या वर करून तो तिच्याकडे बघत होता. तिचे डोळे भरून आले. तीन महिन्यांनी भेट होत होती.

मग तिला त्याच्या मागचा दिसला. त्याच्यामागे आणखी दोन. तिनं शेजारचा दगड उलटला, त्याच्याखाली पाच. पुढच्याखाली मोजता येईनात इतके. प्रत्येकाच्या पाठीवर तोच ठिपका, त्याच जागी. तिनं एकाला पालथं केलं. पोटाखालचा पडदा रुंद होता, आणि त्यात मोहरीसारखी पिल्लं चिकटली होती. खेकडी. दुसरीही खेकडीच. तिसरीही. नर एकही नाही.

काठावर काकू उभ्या राहिल्या होत्या. "किती आहेत गं?"

पाणशाळेत गणक वाजला.

"स्वयंप्रसवा," केळसकर म्हणाले. आज त्यांनी परीक्षा घेतली नाही. "नराशिवाय पिल्लं देणारी. आई आणि लेक, लेक आणि नात, सगळ्यांचं सूत्र अक्षरन् अक्षर एकच. गणक वेगळेपण मोजतो, आश्लेषा. जिथं वेगळेपणच नाही, तिथं हजार असले तरी तो एकच म्हणणार. त्यानं खोटं सांगितलं नाही. प्रश्न आपण चुकीचा विचारला."

"म्हणजे ही इथली नाही?"

"इथल्या खेकड्यांच्या नोंदींशी जुळत नव्हती, म्हणून आपण नवीन म्हटलं. उपरीही असू शकते, हे माझ्याही मनात आलं नाही. कुणाच्या तरी काचेच्या टाकीत असा एखादा जीव निपजला असेल. घर बदलताना मारायला जीव धजला नसेल, म्हणून सोडली ओढ्यात. एक. तेवढी पुरते."

"आणि रेघी?"

"खेकड्या अंडी खातात. आज किती?"

"नऊ."

सरांनी तिला जराही बोल लावला नाही, आणि त्यानंच तिला जास्त लागलं. त्या मंगळवारी ओढा उपसला असता तर तेव्हा दहा-वीस खेकड्या असतील, त्या संपल्या असत्या. आता त्यांची बिळं काठाच्या पोटात हातभर आत गेली होती. उपसूनही उपयोग नव्हता.

"एक वाट आहे," केळसकर म्हणाले. "वंशकिल्ली. एखाद्या सूत्रातला नेमका एक शब्द बंद पाडणारं द्रव्य. तो शब्द असा निवडायचा की कात टाकल्यावर नवं कवच धरणारच नाही. एरवी किल्ली कधीच पुरी पडत नाही, कारण शंभरात दोघा-चौघांचं कुलूप निराळं असतं, ते वाचतात आणि पुन्हा वाढतात. इथे सगळ्यांचं कुलूप एकच आहे. एकीला लागली की सगळ्यांना लागली. माशाला, बेडकाला, माणसाला तिचा काही त्रास नाही. फक्त ती त्यांच्या पोटात जायला हवी."

"त्या कणीक खातात, सर," आश्लेषा म्हणाली.

द्रव्याची बर्फातली डबी चार दिवसांनी आली. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"नामाच्या गोळीत मी मरण घालणार नाही. माझ्या परातीतही नाही."

"तुम्ही नका घालू. मीच घालते. पण माझ्या गोळ्या पाण्यात विरघळतात, काकू. तीनदा करून पाहिल्या."

काकू पाणशाळेच्या उंबऱ्यावर बसल्या, दोन्ही हात मांडीवर ठेवून. "पाणी किती ओतलंस ते! पिठलं करायचंय का? कोरडं पीठ घे अजून. हां. आता तिंब. मनगटानं, बोटांनी नव्हे. झाकून ठेव. आईनं शिकवलं नाही काही?" त्यांनी कणकेला बोट लावलं नाही, पण शेवटची गोळी वळून होईपर्यंत त्या उठल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ओढ्यावर दोन डबे येऊ लागले. काकू वरच्या अंगाला, उरलेल्या नऊ रेघींसाठी नामाच्या गोळ्या सोडायच्या. आश्लेषा उंबराखाली बिनचिठ्ठीच्या एकशे आठ ठेवायची आणि ऊन टेकल्यावर किती उरल्या ते पाहायची. पहिले आठ दिवस एकही उरली नाही. मग अकरा उरल्या. मग चाळीस. पाण्यावर रिकामी कवचं तरंगू लागली, प्रत्येकावर तोच पांढरा ठिपका. तिनं ती गोळा करायला सुरुवात केली आणि दोन दिवसांनी सोडून दिली.

गणकाचा काहीच उपयोग नव्हता. मेलेल्या शरीरांमुळे प्रमाण तर उलट वाढलं होतं. आणि जणांच्या रकान्यात, हजार होत्या तेव्हा एक होता, शंभर उरल्या तेव्हाही एकच. खरं सांगत होत्या त्या फक्त गोळ्या. सत्तर उरल्या. शंभर उरल्या. एकशे पाच.

मग एके सकाळी एकशे सात उरल्या.

दुसऱ्या दिवशीही एकशे सात. तिसऱ्या दिवशीही. कपारीच्या तोंडाशी ठेवलेली, रोज तीच एक गोळी जात होती.

"ती एकच आहे का रोजची?" काकूंनी विचारलं. "की आज एक, उद्या दुसरी?"

"कळायचा मार्ग नाही. दोघी असल्या तरी सारख्याच."

"आणि एकच असेल तर?"

"तर आता ती खरंच एकटी आहे." आश्लेषा म्हणाली. "सोडता येत नाही, काकू. एक राहिली तरी सगळा ओढा पुन्हा भरतो. आणि सोडून तरी काय? पहिल्याच गोळीत किल्ली गेलीये तिच्या पोटात. आज ना उद्या कात टाकेल."

दुसऱ्या दिवशी, चौथ्या सकाळी, मौनातच काकू उंबराखाली आल्या. त्यांनी स्वतःच्या डब्यातली एक गोळी काढून आश्लेषाच्या तळहातावर ठेवली, आणि तिच्या बोटांची मूठ मिटवली. आश्लेषानं त्यांच्याकडे पाहिलं. ऊन अजून पाण्याला टेकलं नव्हतं. तरी काकू बोलल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं मौन मोडलं.

"किल्ली नाही यात. नुसतं नाम आहे. शेवटच्या घासाला तरी."

आश्लेषानं ती गोळी कपारीच्या तोंडाशी ठेवली. दुसरं काही ठेवलं नाही. दोघी दगडावर बसून राहिल्या. ऊन पाण्याला टेकलं, पाण्यातून तळाशी गेलं, वाळूवर हललं. गोळी तिथेच होती. ऊन कपारीच्या आत शिरलं तेव्हा आश्लेषा वाकली आणि तिनं हात घालून चाचपलं. बोटांना कवच लागलं. हलकं, मऊ, उघडं. तिनं ते बाहेर काढलं. पाठीवर पांढरा ठिपका होता.

"आत्ताच गेली का गं?" काकूंनी विचारलं.

"नाही. काल. कदाचित कालची गोळी खाऊन लगेच."

म्हणजे कधीतरी, या चार दिवसांत, किंवा आश्लेषा जतन करायला निघाली त्याच्याही आधी, कुणीतरी ती पहिली खेकडी ओढ्यात सोडली त्या दिवशी, एक हा आकडा खरा होता. मधल्या काळात तो हजारांचा होता. नेमका कुठल्या सकाळी तो खरा झाला आणि कुठल्या सकाळी मावळला, हे ती कधीच सांगू शकणार नव्हती. ती कपारीशी बोलत होती तेव्हा आत मोजता न येण्याइतक्या जणी होत्या. आणि ज्या दिवशी एकटी होती, त्या दिवशी आश्लेषा गोळ्या मोजत होती.

पाण्यात भिजून गोळी फुटली. चिठ्ठी सुटून वर आली आणि प्रवाहानं निघाली. वरच्या अंगानं काहीतरी सरकत आलं, सात काळ्या रेघांचं, कपारीपासून हातभर दूर थांबलं. चार महिन्यांत इकडे एकही रेघी आली नव्हती. तिनं बराच वेळ घेतला, मग फुटलेल्या कणकेला तोंड लावलं.

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. "उद्यापासून मौनाची गणती पुन्हा पहिल्यापासून," त्या म्हणाल्या आणि चढाला लागल्या.

पत्र्याच्या खोलीत गणक वाजला. आश्लेषा ओल्या पायांनी आत गेली. रेघी : जण नऊ. खाली शेवटची ओळ होती, तशीच, चार महिन्यांत एकदाही न चुकलेली.

अनोळखी खेकडा. जण : एक.

पाणी विसरेपर्यंत अजून चार दिवस ती तिथे असणार होती. आश्लेषानं खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसली.

"आज भात करपला नाही," ती म्हणाली.